पिवळ्या कड्यातलं उत्तर

इंटरनेटवर म्हणे अशा जागा असतात, की कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं, आणि ज्यानं विचारलं त्यानंच त्यातलं एक उत्तर 'सर्वोत्तम' ठरवावं. आणि तिथं म्हणे पुष्कळदा चुकीचंच उत्तर सर्वोत्तम ठरतं. मोठमोठी शिकलेली माणसं डोकं खाजवत बसलीत, की असं का होत असावं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला कोण विचारणार, आणि मी सांगितलेलं सर्वोत्तम कोण ठरवणार?

आमच्या गावात ही सोय नव्वदच्या दशकातच झाली होती, तीही विजेशिवाय.

वडूजपासून माणच्या बाजूला गेलं की आमचं गाव. गावात दूध संस्था होती आणि संस्थेच्या भिंतीवर काळा फळा होता. सेक्रेटरी रोज सकाळी त्यावर सुविचार लिहायचा. वर्षभरात त्याच्याजवळचे सुविचार संपले. सकाळी दूध घालायला आलेली माणसं टेम्पोची वाट बघत ताटकळायची, आणि टेम्पो कधीच वेळेवर यायचा नाही. रिकामी माणसं भांडतात, हे सेक्रेटरीला अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून त्यानं एके दिवशी फळ्यावर लिहिलं, 'विचारा. गाव उत्तर देईल.'

नियम त्यानंच केले. डाव्या बाजूला प्रश्न लिहायचा. उजव्या बाजूला ज्याला वाटेल त्यानं उत्तर लिहायचं, खाली आपलं नाव नाहीतर खूण टाकायची. संध्याकाळच्या दुधाला प्रश्न विचारणारा यायचा आणि त्याला पटलेल्या उत्तराभोवती पिवळ्या खडूनं कडं काढायचा. कडं पडलं की ते उत्तर फळ्यावर राहायचं. विचारणारा स्वतः पुसेल तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि ज्याचं उत्तर कड्यात, त्याची किटली दुसऱ्या दिवशी रांग सोडून पहिली घ्यायची.

या शेवटच्या नियमानं गावाचं ज्ञान एकदम वाढलं. कालपर्यंत ज्यांना स्वतःच्या रेशनकार्डावर किती माणसं आहेत हे सांगता येत नव्हतं, त्यांना म्हशीच्या गर्भाशयापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळं कळायला लागलं. थंडीत रांगेत उभं राहायचं नसलं की माणूस काय वाटेल ते ठामपणे लिहितो.

पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं होतं, साताऱ्याला जायची पहिली एसटी किती वाजता? पाच उत्तरं आली. त्यातलं एक बरोबर होतं, कारण ते कंडक्टरच्या सख्ख्या भावानं लिहिलं होतं. पण त्या उत्तराप्रमाणं माणसाला म्हशीची धार काढायच्या आधी घर सोडावं लागत होतं. दुसऱ्या एकानं अर्ध्या तासानं उशिराची वेळ लिहिली होती. विचारणाऱ्यानं तिला कडं घातलं. दुसऱ्या दिवशी धार काढून, चहा पिऊन, डोक्याला तेल लावून हा निवांत स्टँडवर गेला, तर एसटी गेलेली. आला तो तडक सेक्रेटरीकडं.

"काय रं, तुझ्या फळ्यावर खोटं लिवत्यात!"

"पाच जणांनी लिवलं हुतं. कडं कुणी घातलं?"

"मी घातलं. पर ती येळ मला सोयीची हुती की!"

सेक्रेटरी म्हणाला, "मग एसटीला सांगायचं व्हतंस."

सगळे हसले, त्यात तोही हसला. पण त्यानं ते कडं पुसलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आज ना उद्या ती गाडी त्या टायमाला येईलच."

मी तेव्हा नुकतीच साताऱ्याहून परत आले होते. बी.ए., अर्थशास्त्र, दुसरा वर्ग. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणी विचारलं नाही तरी सांगायची. आजही सांगते. हॉस्टेलवर राहून, एका साडीवर आणि दोन ड्रेसवर मी पदवी घेतली, ती काय ट्रंकेत ठेवायला? नोकरी लागेपर्यंत मी गावातल्या पोरांना शिकवत होते आणि सकाळी दूध घालायला जात होते. फळा वाचताना मला कसं व्हायचं म्हणून सांगू. हातात लाल पेन हवं असं वाटायचं.

फळ्यावरचा सगळ्यात मोठा ज्ञानी म्हणजे पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार. साडेसहा फुटी वाटावा असा माणूस, मिशा पिळलेल्या, आवाज मैदानावरचा. घरात एकच म्हैस, तीही बहुतेक वेळा भाकड. रांगेत पहिला नंबर मिळवून करायचं काय, तर काही नाही. पण पलटणीत जन्म गेलेला माणूस, नंबर दुसरा आला की त्यांना जेवण जात नसे. सुभेदारांची उत्तरं दोन ओळींची असायची. खाली सहीच्या जागी एकच शब्द असायचा, 'अनुभवी'.

कशाचा अनुभव? कोंबडी खुडूक बसली, अनुभवी. पोराला ओकाऱ्या होतात, अनुभवी. बाईच्या पायाला भेगा, तरी अनुभवी.

त्याउलट शाळेचे हेडमास्तर. ते बरोबर लिहायचे. पण त्यांचं उत्तर कारण, परिणाम आणि निष्कर्ष असं तीन परिच्छेदांत यायचं, आणि निष्कर्षापर्यंत फळा संपायचा. मग उरलेला निष्कर्ष ते भिंतीवर लिहायचे. सेक्रेटरीनं एकदा चुना लावताना तो बुजवला. गावाला त्याची काही उणीव भासली नाही.

हे सगळं मला करमणुकीसारखं होतं, जोवर माझ्या धाकट्या भावानं फळ्यावर प्रश्न लिहिला नव्हता.

भाऊ बारावी झालेला. मार्क चांगले होते, मीच अभ्यास घेतला होता. पण त्याच्या डोक्यात लहानपणापासून एकच होतं, पलटण. आमच्याकडं घरटी एक पोरगा पलटणीत असायचा, आमच्याच घरात नव्हता. वडील मुंबईला गोदीजवळच्या गोदामात पोती वाहायचे. पाठ पार वाकली होती. दिवाळीला आले की आई त्यांच्या पाठीला तेल चोळायची आणि ते पालथे पडून म्हणायचे, "पोराला घेऊन जातो आता. टोळीत जागा हाय एक. मुकादमाला सांगून ठेवलंय." भाऊ हे ऐकून उठून बाहेर जायचा. सांगलीला पावसाळ्यानंतर भरती होणार होती. शिपायाच्या भरतीचं त्याचं वय त्यानंतर सरत होतं. म्हणजे ही भरती नाहीतर पोतं, असा सरळ हिशेब होता आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता.

पळायला भाऊ वाऱ्यासारखा. छाती भरत होती. वजन भरत होतं. उंची मात्र एक बोट कमी होती.

एका सकाळी फळ्यावर त्याच्या अक्षरात प्रश्न दिसला. 'भरतीला उंची एक बोट कमी पडते. काय करावे?'

मला राग आला. घरात पदवीधर बहीण बसलीय आणि हा भिंतीला विचारतोय! पण विचारलंय तर उत्तर द्यावं. शिवाय उत्तर माझ्याजवळ होतं. साताऱ्याला कॉलेजच्या नोटीस बोर्डावर भरतीचं पत्रक लागायचं. पोरं त्यातली फक्त तारीख वाचायची आणि पळायला जायची. मी पत्रक खालपर्यंत वाचायची, मला सवयच होती. पलटणीत नुसते बंदूकवालेच नसतात, क्लार्कही लागतात. क्लार्कला उंची कमी चालते, वयाची मुदत जास्त असते, फक्त बारावीला चांगले मार्क हवेत आणि इंग्रजी-गणिताची लेखी परीक्षा द्यावी लागते. भावाजवळ यातलं सगळं होतं. इंग्रजी थोडं लंगडं होतं, तर ते सरळ करायला मी होते.

मी खडू घेतला. बाईमाणसानं फळ्यावर लिहायचं ही गावाला नवीन गोष्ट होती. मागं कुणीतरी खोकलं, कुणीतरी "बघा रं, बाई बॅरिस्टर झाल्या" म्हणालं. मी सगळं नीट लिहिलं. सहा ओळी झाल्या. त्यात दोनदा 'परंतु' आला आणि एकदा 'मात्र'. खाली सही केली, बी.ए.सकट.

आता विचार केला की कळतं, मी तिथंच हरले होते. खऱ्या उत्तरात नेहमी 'पण' असतो. हे होईल, पण ते करावं लागेल. खोट्या उत्तरात पण नसतो. फळ्यासमोर किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'पण' ऐकायला वेळ नसतो.

माझ्याखाली उत्तरं वाढत गेली. एकानं लिहिलं, महिनाभर लिंबाच्या फांदीला लोंबकळावं. एकानं लिहिलं, कच्ची अंडी. हेडमास्तरांनी लिहिलं, 'उंची ही आनुवंशिक असून' आणि पुढं बरंच काही. मग सुभेदार आले. त्यांनी कुणाचं काही वाचलं नाही. टपोऱ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या.

'मोजणीच्या दिवशी पहाटे डोक्याच्या मधोमध लाकडी वस्तूने फटका मारून घ्यावा. टेंगूळ येऊन उंची भरते. अनुभवी.'

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "आवं सुभेदार, तुमची उंची काय? तुमाला दारातनं वाकून जावं लागतंय. तुमी कवा मारून घेतला फटका?"

"मी न्हाई गं. आमच्या कंपनीत एक होता, त्यानं घेतला हुता."

"मग अनुभव त्याचा. सही तुमची कशी?"

सुभेदारांनी मिशीवरनं हात फिरवला. "पोरी, पलटणीत सगळ्यांचा अनुभव एकच आस्तो."

रांग हसली. सुभेदारांना जोर चढला. माझ्या सहा ओळींकडं खडू दाखवून म्हणाले, "आन् ह्ये काय? क्लार्क? पलटणीत जाऊन कागदं खाली-वर करायची? बाईमाणसाची कामं ही. गड्यानं गावात आल्यावर काय सांगायचं, म्या दुश्मनावर शिक्का मारला?"

त्यावर तर रांगेतल्या किटल्या हिंदकळल्या. मीही हसले असते, विनोद बरा होता. पण भाऊ मागं येऊन उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संध्याकाळी त्यानं पिवळा खडू उचलला. सगळं गाव बघत होतं. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. सुभेदारांच्या दोन ओळींना त्यानं कडं घातलं, चांगलं जाड, दोनदा गिरवून.

घरी मी विचारलं, "का रं?"

"आक्का, तुझं उत्तर म्हंजे, तू घरचीच हायस की. फळ्यावर कशाला लिवलंस? सगळी म्हणली, भनीच्या पदराआड लपतोय."

"पण ते खरं हाय का न्हाई?"

"आसंल. पर सुभेदारांचं पटदिशी व्हतंय."

हे मात्र खरं होतं. इंग्रजी शिकायला महिने लागतात. टेंगूळ पटकन येतं.

सांगलीला जायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "तू शिकलेली हायस, संगं जा." म्हणजे उत्तर द्यायला मी शिकलेली नव्हते, पिशवी धरायला होते. पलूसला आमची आत्या दिलेली होती. तिच्याकडं मुक्काम केला आणि पहाटे उठलो. परसात बंबाजवळ भाऊ पाटावर बसला. सुभेदारांनी 'लाकडी वस्तू' लिहिलं होतं, कुठली ते लिहिलं नव्हतं. आत्यानं लाटणं आणलं.

"ह्ये बघ बाबा," आत्या म्हणाली, "आजवर ह्ये लाटणं मी फकस्त आमच्या मालकांना दावलंय. मारलं कुनालाच न्हाई."

"मार आत्ये. मधोमध."

आत्यानं देवाचं नाव घेऊन पोळीवरनं फिरवावं तसं हळूच टेकवलं.

"आगं जोरात! टेंगूळ यायला पायजे."

"माझ्या भावाचा एकुलता एक ल्योक. उद्या याड लागलं तर भाऊ मला बोलंल."

मी म्हटलं, "आत्ये, वेड लागायचं राहिलेलं नाही. मार."

दुसरा फटका कानावर बसला. तिसऱ्याला आत्यानं डोळे मिटले आणि मारला, तो मात्र नेमका बसला. भाऊ पाटावरून उठून परसभर फिरला. आत्या रडायला लागली. मग तिनंच हात लावून बघितलं आणि रडता रडता म्हणाली, "आलं गं बाई. चांगलं लिंबाएवढं आलं." त्या आनंदात आम्हाला तिनं शिरा केला.

सांगलीच्या मैदानाबाहेर आया, बहिणी, मावश्या भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. फाटकाच्या गजांतून आतलं थोडं दिसायचं. पळण्यात भाऊ पहिल्या पोरांत आला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शेजारच्या बाईला सांगितलंही, "तो निळ्या चड्डीतला, आमचा." मग उंचीची रांग लागली. भाऊ पट्टीखाली उभा राहिला. मान ताठ, टाच चिकटलेली. हवालदारानं वरची सरकपट्टी खाली आणली. ती टेकली, आणि हवालदाराचा चेहरा बदलला. त्यानं पट्टी वर केली, भावाच्या केसांत बोटं घातली आणि अंगठ्यानं ते टेंगूळ असं दाबलं, की भावाचे गुडघेच वाकले.

आत काय बोलणं झालं ते भावानं नंतर सांगितलं. हवालदार म्हणाला होता, "ये क्या नारियल उगाया है? रोज चार-पाच आते हैं ऐसे. किसने बताया?"

भाऊ म्हणाला, "सुभेदारसाब ने."

"कितने लंबे हैं तेरे सुभेदारसाब?"

भावानं हात डोक्याच्या वर जाईल तितका उंच धरला. मग हवालदारानं त्याची कागदं चाळली, बारावीचे मार्क बघितले आणि म्हणाला, "इतने नंबर हैं तो क्लर्क में आ ना बेटा. उसमें हाइट कम लगती है. उमर भी बाकी है तेरी."

भाऊ फाटकातून बाहेर आला. मला वाटलं होतं तोंड पाडून येईल. तो पळतच आला. डोळे मोठे, आवाज चढलेला.

"आक्का! तुला म्हाईत हाय का? क्लार्कला उंची कमी लागती! वय बी जास्त चालतंय! हवालदारसायबांनी सोता सांगितलं!"

माझ्या हातात पिशवी होती, तिच्यात आत्याचा शिरा होता. पिशवी जड होती, तरी ती त्याच्या डोक्यात घालायचा मोह आवरला. तिथं आधीच एक टेंगूळ होतं.

"व्हय का?" मी म्हटलं. "नवीनच ऐकतेय."

गावात परत आल्यावर दूध संस्थेपुढं सुभेदारांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

"लाटणं?" ते म्हणाले. "लाटण्यानं कुटं उंची वाढती व्हय रं? मुसळ पायजे."

"तुमी लाकडी वस्तू लिवलं हुतं," भाऊ म्हणाला.

"मुसळ काय लोखंडाचं आस्तंय?"

रांगेनं मान डोलवली. बरोबर होतं त्यांचं, मुसळ लाकडाचंच असतं. म्हणजे उत्तर बरोबर, चूक लाटण्याची. पर्यायानं आत्याची.

मी सेक्रेटरीला म्हटलं, "ते कडं पुसा आता. पोरं डोकी फोडून घेतील."

"माझ्या हातात न्हाई ताई. ज्यानं इचारलं त्यानं पुसायचं. नियम हाय."

मी भावाकडं बघितलं. ओला फडका फळ्याखाली खिळ्यालाच लटकत होता. सगळं गाव बघत होतं. पुसायचं म्हणजे काय, तर सगळ्या गावासमोर म्हणायचं की मी चुकलो, डोक्यात लाटणं मारून घेतलं ते उगीच. त्यापेक्षा ते उत्तर बरोबर असणं त्याला परवडत होतं. चुकीचं उत्तर सांगणारा एक असतो, पण ते जपून ठेवणारे ते असतात ज्यांचं त्यात नुकसान झालंय. भाऊ म्हणाला, "धारंला उशीर होतुया," आणि निघून गेला.

वडिलांनी मुंबईहून निरोप पाठवला, की टोळीतली जागा फार दिवस राहणार नाही. आईनं भावाची वळकटी बांधून कोपऱ्यात ठेवली. पुढच्या भरतीपर्यंत ती तशीच कोपऱ्यात होती आणि तिच्यासमोर बसून आम्ही अभ्यास केला. शेळ्या सोडायच्या आधी गणित आणि शेळ्या आल्यावर इंग्रजी. भावाला क्रियापदाचे काळ पाठ होईनात. मी म्हणायची, "काल गेला, आज जातो, उद्या जाईल. पोतं उचलायला जाईल का पलटणीत जाईल ते तू बघ." तो दात ओठ खाऊन पुन्हा वाचायचा. मी गोड बोलून शिकवलं नाही. मला ते जमत नाही.

पुढच्या भरतीला पुन्हा सांगली. या वेळी पलूसला आत्यानं आम्हाला बघताच लाटणं कोठीत लपवलं. उंची भरली, बिनटेंगळाची. लेखी परीक्षा झाली. निकाल आला तेव्हा आईनं वळकटी सोडून वाकळ उन्हात टाकली. दिवाळीला वडील आले, त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. पोत्यांचं नाव परत निघालं नाही.

मला वाटलं, आता तरी फळा बोलेल.

फळा बोललाच. कड्यातल्या उत्तराखाली सेक्रेटरीनं स्वतः लिहिलं, 'या उपायाने गावचा सुपुत्र सैन्यात भरती. अभिनंदन.' मी भांडायला गेले. सेक्रेटरी हिशेबी माणूस. म्हणाला, "ताई, पोरानं फटका मारून घेतला का?"

"घेतला."

"पोरगं भरती झालं का?"

"झालं, पण..."

"बास. पुढं 'पण' नगं."

मधे एक नापास भरती होती, एक अख्खा अभ्यास होता, मी होते. ते सगळं त्या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत गेलं. सुभेदारांची किटली रांगेत पुन्हा पहिली झाली. किटलीत त्या दिवशी अर्धा लिटर दूध होतं.

पहिल्या सुट्टीवर भाऊ गणवेशात आला. संस्थेपुढं पोरांनी त्याला घेरलं. दोघातिघांची उंची कमी होती. सगळ्यांच्या समोर एकानं विचारलं, "दादा, उंचीचं कसं जमवलंस?" सुभेदार कट्ट्यावरच बसले होते. मी किटली घेऊन रांगेत होते. आता तरी हा सांगेल म्हणून मी कान टवकारले.

भाऊ म्हणाला, "सुभेदारांचा आशीर्वाद."

मी रांग सोडून घरी आले. दूध तसंच परत आणलं. तो आला तशी मी चुलीकडं तोंड करून बसले. "गणवेश चढवून खोटं बोलतोस? माझं एक नाव घ्यायला जीभ झडत होती?"

"आक्का, ऐक की. तिथं तुझं नाव घेतलं आसतं तर सुभेदारांनी पुन्ना शिक्क्याचा इनोद केला आसता. पोरं हसली आसती आन् कुनीच आलं नसतं. आता आशीर्वाद म्हणलो, सुभेदार खूश. मागनं पोरांना बाजूला घेऊन सांगितलं, टेंगळाचं काय खरं न्हाई, बारावीचे मार्क घिऊन आक्काकडं जावा."

"मागनं."

"व्हय. मागनंच."

"मला फळ्यावर हवं होतं."

त्यानं गणवेशाची टोपी काढून खुंटीला लावली. सुट्टी संपवून गेला.

पोरं खरंच आली. पहाटे, परसाच्या दारानं, गोठ्याच्या बाजूनं. मार्कलिस्ट सदऱ्याच्या आत लपवलेली. जशी काही दारूच्या गुत्त्यावर येतात. आलेल्यांत सर्वांत शेवटी उंबऱ्यावर येऊन थांबला तो सुभेदारांचा नातू. आजोबांची उंची त्याच्या वाट्याला आली नव्हती. मी त्याच्या डोक्याकडं बघितलं, केस सपाट होते.

"का रं," मी म्हटलं, "तुझ्या घरातच औषध हाय. मुसळ न्हाई का?"

त्यानं मान खाली घातली. "आजोबांनीच धाडलं तुमच्याकडं. कुनाला सांगू नगं म्हणलं."

"मग टेंगळाचं?"

"आजोबा म्हणलं, ते फळ्यासाठी आस्तंय."

आई चुलीपाशी फसकन हसली. मला हसू आलं नाही. मी मार्कलिस्ट बघितली, गणित बरं होतं आणि इंग्रजीत काठावर पास. पोरगं कष्टाचं वाटलं. आजोबाचा राग नातवावर काढायचा तर पदवी कशाला घेतली, एवढं मला कळत होतं. पण पहाटेच्या अंधारात, गोठ्यातनं, चोरासारखं? ते मला चालणार नव्हतं. मी मार्कलिस्ट त्याच्या हातात परत दिली.

"शिकवते. सगळ्यांनाच शिकवते, जा सांग त्यांना. पण दूध घालायच्या वेळेला यायचं, संस्थेवरनं, रांगेसमोरनं. पुस्तक हातात धरून आणि पुढच्या दारानं."

"आजोबा तितंच बसल्याले आस्त्यात."

"म्हणूनच."

पोरगं गेलं. मला वाटलं, गेलं ते गेलं. चार दिवस कुणीच आलं नाही. आई म्हणाली, "लय ताणू नगंस." मी म्हटलं, "येतील तर येतील."

मग एका सकाळी मी अंगण झाडत होते. समोर रस्त्यापलीकडं संस्थेपुढं रांग लागली होती, सुभेदार कट्ट्यावर होते. रांगेच्या पुढून त्यांचा नातू चालत आला, इंग्रजीचं पुस्तक छातीशी धरून. कुणीतरी हाक मारली, "कुटं रं चाललास?"

पोरानं आजोबांकडं बघितलं. सुभेदारांनी मिशीवर हात नेला आणि तो तसाच तिथं ठेवून एसटी येते तिकडं, दुसरीकडंच, बघायला लागले.

"आक्काकडं," पोरगं म्हणालं. "शिकायला."

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि दार पूर्ण उघडलं.